दुकानात सीसीटीव्ही बसवताना: कॅमेऱ्याचा भाव आणि फुटेजचा खरा खर्च

जयंतीच्या मिरवणुकीनंतर दुकानावर दगड येतो. उधारीवरून वाद होतो आणि समोरचा माणूस जातीवर येतो. रात्री शटर उचकटून माल जातो. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, "कॅमेरा होता का?" कॅमेरा असतो, पण चार दिवसांपूर्वीचे रेकॉर्डिंग पुसले गेलेले असते. किंवा चित्रात फक्त टोपी दिसते, चेहरा नाही. किंवा आवाजच नाही. कॅमेऱ्यावर पंधरा हजार खर्च झालेले असतात आणि हाती काहीच नसते.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज पहिल्यांदाच व्यवसायात उतरत आहेत. मोबाईल दुरुस्ती, कपडे, झेरॉक्स, मेडिकल, हॉटेल, कोचिंग क्लास असे छोटे गाळे उभे राहत आहेत. घरात आधी कुणी दुकान चालवलेले नसते, त्यामुळे अशा खर्चाचा अंदाज सांगणारे कुणी नसते. म्हणून छोट्या व्यवसायासाठी सीसीटीव्ही बसवायला नेमका किती खर्च येतो, तो कुठे करावा आणि कुठे वाचवावा, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. आमचे सांगणे एकच आहे: कॅमेरा स्वस्त असतो, रेकॉर्डिंग जपणे महाग असते, आणि प्रसंगी कामाला येते ते रेकॉर्डिंगच.

आधी ठरवा: काय दिसले पाहिजे?

दुकानदार बहुधा फिटिंगवाल्याला विचारतो, "चार कॅमेऱ्यांचे किती?" त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, की दुकानातल्या कोणत्या जागेवर काय घडू शकते आणि त्याचा पुरावा कसा लागेल.

साधारण १२ बाय २० फुटांच्या गाळ्याला चार जागा महत्त्वाच्या असतात. पहिली, आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा दिसेल असे दार. दुसरी, पैसे देणारा आणि घेणारा दोघांचे हात दिसतील असा गल्ला. तिसरी, मालाची मांडणी किंवा माळा. चौथी, शटरबाहेरची जागा. जागा लहान असेल तर दार आणि गल्ला मिळून दोन कॅमेरे पुरतात. तिथे चार बसवणे म्हणजे निम्मा पैसा वाया घालवणे. हॉटेल किंवा दोन खोल्यांचा क्लास असेल, तर सहा ते आठ लागू शकतात.

कोणता प्रकार, काय भाव?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. खालील दर साधारण किरकोळ बाजारातले आहेत. शहर, कंपनी आणि हंगामाप्रमाणे त्यात फरक पडतो.

१. डीव्हीआरवर चालणारे कॅमेरे. छोट्या दुकानांत हेच जास्त दिसतात. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सुमारे १,००० ते १,८०० रुपयांना आणि चार चॅनेलचा डीव्हीआर २,५०० ते ४,००० रुपयांना मिळतो. दुरुस्ती सोपी असते आणि तालुक्याच्या ठिकाणीही सुटे भाग मिळतात.

२. आयपी कॅमेरे. हे नेटवर्कच्या केबलवर चालतात आणि एनव्हीआरला जोडले जातात. चित्र अधिक स्पष्ट येते. योग्य स्विच लावला तर वीज आणि चित्र एकाच केबलमधून जाते. दोन ते चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला साधारण २,००० ते ४,५०० रुपये पडतात. चार कॅमेऱ्यांचा पूर्ण संच बहुधा ३५ ते ४५ हजारांच्या घरात जातो. मोठी जागा असेल किंवा पुढे कॅमेरे वाढवायचे असतील, तर हा खर्च योग्य ठरतो.

३. वायफाय कॅमेरे. १,५०० ते ३,००० रुपयांचा कॅमेरा आणि त्यात मेमरी कार्ड टाकले की काम सुरू. टपरी, घरगुती व्यवसाय किंवा भाड्याची तात्पुरती जागा यांसाठी हा प्रकार ठीक आहे. पण रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातच राहते. चोराने कॅमेरा काढून नेला की पुरावाही त्याच्याबरोबर गेला. क्लाउडवर साठवायचे असेल तर दरमहा किंवा दरवर्षी वेगळे पैसे भरावे लागतात.

चार कॅमेऱ्यांचे नमुना अंदाजपत्रक

वर सांगितलेल्या गाळ्यासाठी डीव्हीआरच्या संचाचा हिशेब मध्यम दर धरून असा येतो:

- दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, प्रत्येकी १,४०० रुपये: ५,६००
- चार चॅनेलचा डीव्हीआर: ३,२००
- सीसीटीव्हीसाठी बनवलेली दोन टीबीची हार्ड डिस्क: ६,५००
- कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस: ७००
- ९० मीटर केबलचे एक बंडल: १,८००
- कनेक्टर, जंक्शन बॉक्स, पाइप-पट्टी: १,०००
- डीव्हीआर ठेवायची कुलूप लागणारी पेटी: ८००
- फिटिंगची मजुरी, कॅमेऱ्यामागे ४०० रुपये: १,६००

बेरीज २१,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,८१६ रुपये. एकूण २५,०१६ रुपये. लाईट गेल्यावरही रेकॉर्डिंग सुरू राहावे म्हणून छोटा यूपीएस घेतला तर आणखी ३,००० रुपये. म्हणजे सर्व मिळून सुमारे २८,००० रुपये.

"चार कॅमेरे फक्त पंधरा हजारांत" अशी जाहिरात आपण पाहतो. ती खोटीच असते असे नाही. पण त्यात बहुधा ५०० जीबीची डिस्क असते, यूपीएस आणि पेटी नसते, केबल ठरावीक मीटरपर्यंतच असते आणि जीएसटी वेगळा असतो. त्यामुळे दोन कोटेशनची तुलना करताना शेवटचा आकडा पाहू नका, एकेक ओळ पाहा.

रेकॉर्डिंग किती दिवस टिकते?

सगळ्या खर्चात सर्वात कमी विचारला जाणारा आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. डिस्क भरली की डीव्हीआर जुने पुसून त्यावर नवे लिहितो. कुणाला विचारत नाही.

हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ पद्धतीने सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट माहिती साठवतो असे धरा. दिवसाला साधारण २१.६ जीबी होते. चार कॅमेऱ्यांचे रोजचे सुमारे ८६ जीबी. म्हणजे ५०० जीबीची डिस्क पाच-सहा दिवसांत भरते, एक टीबी अकरा दिवसांत आणि दोन टीबी साधारण तेवीस दिवसांत. जुनी एच.२६४ पद्धत असेल तर तेवढ्याच स्पष्टतेसाठी जवळपास दुप्पट जागा लागते, म्हणजे दिवस निम्मे होतात. १२८ जीबीच्या मेमरी कार्डात एका वायफाय कॅमेऱ्याचे पाच-सहा दिवसांचेच रेकॉर्डिंग मावते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल अशी सोय लावली तर दिवस वाढतात, पण काही वेळा घटनेची सुरुवात निसटते.

आपल्याकडे तक्रार नोंदवायलाच किती दिवस जातात, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. आधी गावात समजूत काढली जाते, मग ठाण्यात फेऱ्या होतात, मग अर्ज जातो. फुटेज मागणारी नोटीस येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज उलटतात. म्हणून किमान वीस दिवस, जमल्यास तीस दिवस रेकॉर्डिंग राहील एवढी डिस्क घ्या, असे आम्ही सुचवतो. वरच्या हिशेबात तीस दिवसांसाठी सुमारे २.६ टीबी जागा लागते, म्हणजे तीन किंवा चार टीबीची डिस्क.

तुलनेसाठी लक्षात ठेवा: परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. त्यात रेकॉर्डिंग १८ महिने, आणि तेवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर किमान एक वर्ष जपण्यास सांगितले आहे. न्यायालयाने कॅमेऱ्यांच्या संख्येबरोबर साठवणुकीचे दिवसही ठरवून दिले, ते उगीच नाही.

डिस्क संगणकाची साधी घेऊ नका. चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली सीसीटीव्हीची डिस्क थोडी महाग पडते, पण जास्त टिकते.

दिसते, पण ओळखू येते का?

चित्रात माणूस दिसणे आणि तो कोण हे ओळखता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर एका मीटर रुंदीत सुमारे २५० पिक्सेल हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १,९२० पिक्सेल असतात. याचा अर्थ, साधारण साडेसात मीटर रुंदीपर्यंतच्या दृश्यातच चेहरा ओळखण्याजोगा येतो.

कोपऱ्यात लावतात त्या २.८ मिलिमीटर लेन्सला खूप रुंद दिसते, म्हणून तिच्यात सुमारे तीन मीटरपर्यंतचाच चेहरा नीट ओळखता येतो. सहा मिलिमीटरची लेन्स रुंदी कमी दाखवते, पण साधारण आठ मीटरवरचा चेहराही ओळखू येतो. भाव जवळपास सारखाच. म्हणून सगळे कॅमेरे एकाच लेन्सचे घेऊ नका. संपूर्ण दुकान दाखवायला २.८, आणि दार किंवा रस्त्यासाठी ३.६ किंवा सहा असे मिश्रण करा.

उंचीही पाहा. बारा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्याला टोपी आणि डोकी दिसतात. दारावरच्या कॅमेऱ्यासाठी सात-आठ फूट उंची योग्य. आतून दाराकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात बाहेरच्या उन्हामुळे येणारा माणूस काळा दिसतो. तिथे डब्ल्यूडीआर सोय असलेला कॅमेरा घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण त्याच एका कॅमेऱ्यात चेहरा येणार आहे.

आवाजाची सोय विसरू नका

हा मुद्दा आपल्यासाठी खास महत्त्वाचा आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खाली जातीवाचक अपमान आणि शिवीगाळ गुन्हा ठरते, ती लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडली तर. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अटीवर बोट ठेवले होते: चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला ही कलमे लागू होत नाहीत.

दुकानात घडलेल्या प्रसंगात म्हणून दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. काय बोलले गेले आणि त्या वेळी तिथे आणखी कोण होते. मूक चित्रफितीत ग्राहक दिसतील, हातवारे दिसतील, शब्द येणार नाहीत. आवाज नसला की "साधे भांडण होते" म्हणायला जागा मिळते. गल्ल्याजवळचा एक कॅमेरा तरी माइक असलेला घ्या. आज अनेक कॅमेऱ्यांत तो अंगचाच येतो आणि कॅमेऱ्यामागे दोन-तीनशे रुपयांचाच फरक पडतो. डीव्हीआरमध्ये आवाजाचे रेकॉर्डिंग सुरू केले आहे ना, हे मात्र स्वतः तपासा. अनेकदा माइक असतो आणि सेटिंग बंद असते.

पाच वर्षांचा हिशेब

बसवण्याचा खर्च एकदाच होतो. त्यानंतरचा खर्च हळूहळू होतो, म्हणून तो लक्षात येत नाही.

चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून सुमारे ३५ वॅट वीज घेतात. चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला २५ युनिट. व्यावसायिक वीज युनिटला बारा रुपये धरली तर महिन्याला ३०० आणि पाच वर्षांत १८,००० रुपये. वार्षिक देखभाल २,५०० रुपये धरली तर पाच वर्षांचे १२,५००. मध्ये एकदा डिस्क बदलावी लागते, ६,५००. यूपीएसची बॅटरी दोनदा, सुमारे २,०००. बेरीज ३९,००० रुपये. सुरुवातीचे २८,००० मिळवले की ६७,०००. म्हणजे महिन्याला साधारण १,१०० रुपये.

बसवायला २८ हजार आणि सांभाळायला ३९ हजार, हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. दुकानाचे भाडे ठरवताना आपण जसा दरमहाचा विचार करतो, तसाच याचाही करावा एवढ्यासाठी आहे. महिन्याला अकराशे परवडत नसतील तर दोनच कॅमेरे लावा, पण चांगली डिस्क आणि यूपीएस घ्या. चार कॅमेरे आणि बंद पडलेली डिस्क यापेक्षा ते कितीतरी बरे.

देखभालीतली काही कामे पैशाशिवाय होतात. महिन्यातून एकदा काचा पुसा, कोळ्याची जाळी काढा, मागच्या आठवड्यातले कुठलेही पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग उघडून पाहा आणि डीव्हीआरचे घड्याळ मोबाईलच्या वेळेशी जुळवा. घड्याळ वीस मिनिटे पुढे असलेले फुटेज उलटतपासणीत अडचणीत आणते.

पैसे कुठून काढायचे?

नवा व्यवसाय सुरू करताना मुद्रा किंवा महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनेतून कर्जाचा प्रस्ताव द्यायचा असेल, तर सीसीटीव्हीचे कोटेशन प्रकल्प अहवालातच फर्निचर आणि यंत्रसामग्रीबरोबर जोडा. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. व्यवसायासाठी लागणाऱ्या साहित्याचा खर्च त्यात दाखवता येतो. अनेकजण कॅमेरा नंतर बघू म्हणतात आणि मग तो खेळत्या भांडवलातून काढावा लागतो.

पक्के बिल घ्या. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. कंपोझिशन योजनेत ती मिळत नाही. बिल नसेल तर वॉरंटीही मिळत नाही आणि चोरी झाल्यास विम्याच्या दाव्यात सामानाची किंमत सिद्ध करता येत नाही.

फिटिंगवाल्याला विचारायचे प्रश्न

- डिस्क किती टीबीची आणि या चार कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग किती दिवस राहील? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.
- केबल किती मीटर धरली आहे? जास्त लागली तर मीटरमागे दर काय?
- केबल शुद्ध तांब्याची आहे की मुलामा दिलेली? मुलाम्याच्या तारेत लांब अंतरावर वीज कमी पडते आणि रात्री चित्र जाते.
- कॅमेरा, डीव्हीआर आणि डिस्क यांची वॉरंटी किती वर्षे? बिघडल्यास कोण नेऊन देणार?
- कॅमेऱ्याचे मॉडेल सरकारी चाचणी झालेले आहे का? केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या अटी बंधनकारक केल्या असून त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. फार स्वस्त मिळणारा जुना साठा घेताना हे जरूर विचारा.
- पासवर्ड कुणाकडे राहणार?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. बसवणारा स्वतःच्या मोबाईलवर खाते उघडतो आणि तुम्हाला फक्त पाहण्याची परवानगी देतो, असे सर्रास होते. खाते तुमच्या क्रमांकावर उघडा आणि कंपनीचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधील राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीचे फुटेज इंटरनेटवर विकले गेल्याचे उघड झाले. ढिला पासवर्ड हे त्यामागचे एक कारण होते.

फुटेज न्यायालयात टिकवायचे तर

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीबरोबर ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाईलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हे मूल्य म्हणजे त्या फाईलचा अंगठ्याचा ठसाच. फाईलमध्ये किंचित बदल झाला तरी ते बदलते.

प्रमाणपत्र किती महत्त्वाचे, हे आपल्याच जालन्याच्या प्रकरणात ठरले. विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्जाच्या वेळेवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले होते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरण त्याच्या मालकानेच साक्षीला उभे राहून सादर केले तर मात्र ते लागत नाही. तो निकाल जुन्या कायद्याच्या कलम ६५-बी वर होता. प्रमाणपत्राची अट नव्या कायद्यातही कायम आहे.

म्हणून घटना घडल्यावर हे करा. डीव्हीआर बंद करू नका आणि डिस्क फॉरमॅट करू नका. घटनेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतचे सर्व कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग त्याच दिवशी दोन पेन ड्राइव्हवर घ्या. स्क्रीनसमोर मोबाईल धरून केलेले चित्रीकरण हा पर्याय नाही. डीव्हीआरचा क्रमांक, त्यातील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांतील फरक, प्रत कुणी व केव्हा घेतली हे कागदावर लिहून सही करा. तक्रारीतच फुटेज उपलब्ध असल्याचा उल्लेख करा आणि पोचपावती घ्या. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली फुटेज मागू शकतात. देताना पंचनामा किंवा पावतीशिवाय देऊ नका, आणि एक प्रत वकिलाकडे ठेवा.

आणखी एक. प्रसंग घडताच चित्रफीत व्हॉट्सॲपवर फिरवण्याचा मोह होतो. फिरून आलेली फाईल दबून लहान झालेली असते, तिचा ठसा मूळ फाईलशी जुळत नाही. पीडितेची ओळखही उघड होऊ शकते. आधी तक्रार, नंतर प्रसिद्धी, हा क्रम पाळा.

कॅमेऱ्याची मर्यादा

कॅमेरा दुकानाचा आहे, माणसांचा पहारेकरी नाही. कामगारांना कॅमेरे कुठे आहेत ते सांगा, दारावर "येथे चित्रीकरण व आवाजाचे रेकॉर्डिंग सुरू आहे" अशी पाटी लावा. कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह यांच्याकडे कॅमेरा लावणे हा गुन्हा आहे. शेजाऱ्याच्या दारात किंवा खिडकीत कॅमेऱ्याची नजर जाणार नाही हेही पाहा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या संशयी नजरा सोसल्या, त्याने आपल्या नोकराकडे त्याच नजरेने पाहू नये. सम्यक आजीविकेत एवढे येतेच.

विहार, अभ्यासिका किंवा पुतळ्याच्या परिसरासाठीही हाच हिशेब लागू पडतो. फरक एवढाच की तिथे पैसा वर्गणीचा असतो. म्हणून तिथे वार्षिक देखभालीची रक्कम वर्गणीतच वेगळी काढा, पासवर्ड दोघा-तिघांकडे ठेवा आणि कॅमेरा तपासण्याची जबाबदारी नाव लिहून एका तरुणाला द्या. उद्घाटनाला हार घातलेले आणि सहा महिन्यांनी बंद पडलेले कॅमेरे कुणाचेही रक्षण करत नाहीत.

दुकान असलेल्या वाचकांना आमची विनंती आहे. आज रात्री शटर ओढण्याआधी डीव्हीआर उघडा आणि बरोबर पंधरा दिवसांपूर्वीचे रेकॉर्डिंग शोधा. ते दिसले, चेहरा ओळखू आला आणि आवाज ऐकू आला, तर तुमचे पैसे योग्य जागी गेले आहेत. नाही दिसले, तर उद्या सकाळी नवा कॅमेरा घेण्याआधी डिस्क बदला.

जय भीम!